गाय वाचली, पण हिशोब कुणी केला?

आज जनावरांच्या साथीच्या रोगाबद्दल बोलूया. पण औषधापेक्षा जास्त पैशाबद्दल.

आपल्या मोशीत सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी गोठे काही संपले नाहीत. दुधाच्या पैशावर किराणा येतो, गटाचा हप्ता जातो. म्हणून २०२२ ची लम्पीची साथ आठवा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात ती दिसली आणि बघता बघता राज्यभर पसरली. सप्टेंबरमध्ये जनावरांचे बाजार, शर्यती, वाहतूक सगळं बंद. गाय विकून गरज भागवावी, तर तीही सोय राहिली नाही.

लम्पी हा विषाणूचा रोग. डास, माश्या, गोचीड तो पसरवतात. ताप येतो, अंगावर गाठी उठतात, जनावर चारा सोडतं, दूध आटतं. माणसाला हा रोग होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून वापरावं.

त्या साथीत मेलेल्या गायीमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये सरकारी मदत जाहीर झाली. पण लम्पी झालेली बहुतेक जनावरं मरत नाहीत, वाचतात. मग वाचलेल्या गायीचा तोटा किती?

चला, वही घ्या. समजा, गाय १२ लिटर दूध देते आणि भाव ३० रुपये आहे. आजारात महिनाभर ती ५ लिटरवर आली. रोजचे ७ लिटर गेले, म्हणजे ६,३०० रुपये. पुढचे दोन महिने रोज ३ लिटर कमीच, म्हणजे ५,४०० रुपये. औषधपाणी ३,०००. गाय वेळेवर गाभण राहिली नाही, तीन महिने जास्तीचं भाकड पोसावं लागलं. रोज १५० रुपयांचा चारा धरला तर १३,५००. बेरीज झाली २८,२०० रुपये!

म्हणजे जवळपास मेलेल्या गायीच्या मदतीइतका तोटा. पण गाय जिवंत, म्हणून मदत नाही. जनावराचा साधा विमाही मेल्यावरच मिळतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि आजारी गायीजवळ आपण रात्री जागतो, त्याची मजुरी तर कुणी धरतच नाही.

डुकरं पाळणाऱ्या बहिणींची गोष्ट याहून कठीण. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाईन फिव्हर आला. त्यात बहुतेक डुकरं मरतात, औषध नाही. साथ सापडली की आसपासची चांगली दिसणारी डुकरंही मारावी लागतात. हा रोग डुकराच्या मांसाच्या उष्ट्याखरकट्यातूनही पसरतो. आपल्याकडे हॉटेल-कॅन्टीनचं उरलेलं अन्न डुकरांना घालतात. ते शक्यतो टाळावं. घालायचंच तर आधी चांगलं उकळावं.

मग करायचं काय? गायीला लम्पीची लस दरवर्षी, साथीच्या आधी टोचून घ्या. गोचीड मारा, गोठ्यात पाणी साचू देऊ नका. बाजारातून आणलेलं जनावर चार आठवडे वेगळं बांधा. स्वस्तात मिळालं म्हणून थेट दावणीला आणू नका. गाठ दिसली की लपवू नका. दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. आजारी जनावर वेगळं बांधा, त्याची भांडी वेगळी ठेवा. जनावर दगावलंच, तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा, पंचनामा करून घ्या. कागद नसला तर मदत मागणार कशी?

आणि एक काम गटाचं. बैठकीत प्रत्येकीने दुधाची वही आणावी. रोजचं दूध, लसीची तारीख, औषधाचा खर्च तिच्यात लिहावा. दर महिन्याला थोडी रक्कम जनावरांच्या आजारपणासाठी बाजूला काढावी. उद्या कुणाच्या गोठ्यात आजार शिरला, तर तिला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही. आणि तोटा किती झाला, हे तिला वहीवर बोट ठेवून सांगता येईल.