बॉक्स स्कोअर नावाची मार्कशीट

मार्कशीट हातात आली की आपण आधी काय बघतो? सगळ्यात खालचा आकडा. वर कुठल्या पेपरात काठावर वाचलो, कुठल्या प्रॅक्टिकलने तारलं, हे नंतर. बास्केटबॉलचंही तसंच आहे. मॅच संपली की पहिला प्रश्न, "किती मारले?" रिबाउंड किती घेतले, बॉल किती वेळा घालवला, हे कुणी विचारत नाही. मीपण विचारत नव्हतो. गेल्या वर्षी आंतर-कॉलेज स्पर्धेच्या वेळी माझा पाय मुरगळला होता, म्हणून स्कोअरशीट भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यातून एक घोळ झाला. तो शेवटी सांगतो. आधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ.

एनबीएच्या प्रत्येक मॅचनंतर एक तक्ता निघतो, त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. एका ओळीत एक खेळाडू. पुढे रकाने: मिनिटं, मारलेले शॉट आणि त्यातले गेलेले, थ्री पॉइंटर, फ्री थ्रो, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर, फाउल आणि पॉइंट्स. तळाला टीमची बेरीज.

आता एक प्रसिद्ध ओळ घेऊ. २२ जानेवारी २००६, लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध टोरांटो रॅप्टर्स. कोबी ब्रायंट: ४२ मिनिटं, ४६ पैकी २८ शॉट, त्यात थ्री पॉइंटर १३ पैकी ७, फ्री थ्रो २० पैकी १८. म्हणजे दोनची २१ बास्केट, तीनची ७ आणि एकेकाचे १८. बेरीज ८१! तोवर एनबीएच्या इतिहासात एका मॅचमध्ये याहून जास्त फक्त विल्ट चेंबरलेनने केले होते, १९६२ साली १००.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ४६ शॉट एकट्यानेच मारल्यावर होणारच की! आणि असिस्ट फक्त २. आक्षेप चुकीचा नाही, पण तो तपासता येतो. आपण इंजिनिअर (होऊ घातलेले तरी), तेव्हा आउटपुट भागिले इनपुट करून बघू. इनपुट म्हणजे वापरलेले चान्स. एक शॉट म्हणजे एक चान्स. दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक चान्स, म्हणजे गुणक ०.५ हवा. पण बास्केट झाल्यावर फाउलचा जो जादा फ्री थ्रो मिळतो तो नवा चान्स खात नाही, म्हणून प्रत्यक्ष आकड्यांवरून गुणक काढलाय ०.४४. हायड्रॉलिक्समधल्या कोएफिशंटसारखाच, सिद्ध कर म्हणू नका, चालतो.

कोबीचे चान्स: ४६ + ०.४४ × २० = ५४.८. एका चान्सला पॉइंट्स ८१ ÷ ५४.८ = १.४८. त्या काळात एनबीएची सरासरी साधारण १.०७ होती. याच ५४.८ चान्समध्ये सरासरी खेळाडूंनी ५९ च्या आसपास केले असते, म्हणजे २२ कमी. लेकर्स ती मॅच १२२-१०४ अशी जिंकले, १८ च्या फरकाने. ढोबळ हिशेब आहे, पण सांगतो काय ते बघा: कोबीने बॉल सोडून सरासरी खेळ झाला असता तर मॅच गेली असती. हाफटाइमला लेकर्स ४९-६३ असे मागेच होते. दुसऱ्या हाफमध्ये रॅप्टर्सच्या अख्ख्या टीमने ४१ केले, कोबीने एकट्याने ५५. त्या रात्री पास न देणं हाच शहाणपणा होता असं माझं मत आहे.

म्हणजे भागाकार केला की सगळं कळतं? नाही. तोच माणूस, तीच टीम, १७ जून २०१०. बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध फायनलची सातवी मॅच. कोबी: २४ पैकी ६. थ्री पॉइंटर ६ पैकी शून्य. फ्री थ्रो १५ पैकी ११. एकूण २३, चान्सला जेमतेम ०.७५. आपल्या सूत्राने हा साफ नापास. त्याचा जोडीदार पाउ गॅसोल १६ पैकी ६. आणि लेकर्स चॅंपियन, ८३-७९!

हे कसं झालं ते टीमच्या ओळीत आहे. लेकर्सचे शॉट ८३ पैकी २७, सेल्टिक्सचे ७१ पैकी २९. नुसत्या बास्केटचे पॉइंट्स लेकर्स ५८, सेल्टिक्स ६४. पण लेकर्सने चुकलेला स्वतःचाच बॉल २३ वेळा परत मिळवला, सेल्टिक्सने ८ वेळा. म्हणून १२ शॉट जास्त मिळाले. शिवाय फ्री थ्रो ३७, समोर फक्त १७. त्यातून २५ विरुद्ध १५ पॉइंट्स. सहाची तूट, दहाची भरपाई, चारने विजय. कोबीचे १५ रिबाउंड आणि गॅसोलचे १८ इथे कामी आले. (सेल्टिक्सचा सेंटर केंड्रिक पर्किन्स आदल्या मॅचला गुडघा दुखावून बाहेर होता, हेही विसरायचं नाही.)

डीन ऑलिव्हर नावाच्या संशोधकाने २००४ च्या 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात मॅच ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्यात: शूटिंग, बॉल न घालवणं, स्वतःच्या चुकलेल्या शॉटचे रिबाउंड आणि फ्री थ्रो लाइनवर जाणं. शूटिंगला वेटेज सगळ्यात जास्त. त्या मॅचला लेकर्सची नेमकी मोठ्या पेपरात केटी लागली आणि बाकीच्यांनी ॲग्रिगेट काढलं.

पण राव, हे सगळं कळतं कारण रकाने होते. स्टील आणि ब्लॉक एनबीएने मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून, टर्नओव्हर १९७७-७८ पासून. बिल रसेल १३ सीझनमध्ये ११ वेळा चॅंपियन झाला, ब्लॉकसाठीच प्रसिद्ध, आणि निवृत्त झाला १९६९ ला. त्याचे अधिकृत ब्लॉक किती? शून्यसुद्धा नाही, रकानाच कोरा. आपल्या माणसाला मोकळं करायला कुणीतरी अंग आडवं घालून उभं राहतं, तो स्क्रीनही एनबीएने २०१६ च्या आसपास मोजायला घेतला.

आता तो घोळ. आपल्या स्पर्धांत जी अधिकृत स्कोअरशीट असते तिच्यात पॉइंट्स, फाउल आणि टाइमआउट. बस. रिबाउंडला जागाच नाही. आमच्या टीमचा सेंटर, मेकॅनिकलचा, सेमीफायनलला सगळा बोर्ड एकट्याने साफ करत होता. शीटवर त्याच्या नावापुढे चार पॉइंट आणि चार फाउल. मॅच आम्ही जिंकलो. नंतर झोनल टीमची निवड झाली ती त्या शीटा समोर ठेवून. निवडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मॅच पाहिलीच नव्हती. सगळ्यात जास्त पॉइंटवाला आत (त्याने शॉट किती मारले तेही शीटवर नसतं), सेंटर बाहेर. तो मला काही बोलला नाही, पण शीटवरचं अक्षर माझं होतं.

यंदा मी खेळतोय. टेबलावर फर्स्ट इयरचा एक मुलगा बसवलाय, शीटशेजारी जुनं जर्नल उघडून. त्यात पट्टीने आखलेले चार रकाने: मारलेले शॉट, रिबाउंड, टर्नओव्हर, स्क्रीन. पहिल्याच मॅचला सेंटरने दोघांच्या डोक्यावरून बॉल ओढला, मला पास दिला आणि पळता पळता टेबलाकडे बघून ओरडला, "लिहिलास ना रे?"