कोरडा शिधा आणि शिजलेले अन्न

तुरुंगात कोरड्या धान्याला जात नसते. ते शिजले की त्याला जात येते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. महाराष्ट्रातील एका जिल्हा कारागृहाच्या कोठारावर मी अनेक वर्षे कारकून होतो. तिथे हे रोज पाहिले, आणि रोज पाहून गप्प राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

तुरुंगाचे स्वयंपाकघर कसे चालते हे बाहेरच्या कार्यकर्त्याला सहसा ठाऊक नसते. सकाळी बराकी उघडल्या की गिनती होते. गिनतीचा आकडा कोठारात येतो. माणशी किती पीठ, किती तांदूळ, किती डाळ, तेल, मीठ हे नियमाने ठरलेले असते. त्या प्रमाणाला गिनतीने गुणायचे आणि तेवढा शिधा काट्यावर घालून भिशीत द्यायचा. भिशी म्हणजे तुरुंगाचे स्वयंपाकघर. तिथे बंदीच स्वयंपाक करतात. अन्न तयार झाले की वाटपापूर्वी अधिकाऱ्याने चाखून पाहायचे, मग डेगी बराकींकडे जातात.

शिधा मोजणारा मी जन्माने महार, धर्माने बौद्ध. माझ्या हाताच्या पिठाच्या भाकऱ्या सगळा तुरुंग खात होता. कुणाला विटाळ झाला नाही. पण एकदा वरिष्ठांच्या गैरहजेरीत चाखण्याचे काम माझ्याकडे आले. मी डेगीत पळी घातली आणि भिशीतला मुख्य आचारी अदबीने म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता? मी वाटीत काढून देतो की." त्याने पळी माझ्या हातून काढून घेतली. शब्द गोड होते. अर्थ मला शाळेतल्या पाण्याच्या माठापासून पाठ होता.

तुरुंगात तीन प्रकारची घरकामे असतात: शिजविणे, वाटणे आणि साफ करणे. शिजविणाऱ्याला चुलीची ऊब, पोटभर जेवण आणि बराकीत वजन मिळते. साफ करणाऱ्याला गटार आणि संडास. ही वाटणी करणारा लेखी हुकूम मी कधी पाहिला नाही. नवा बंदी आला की जुना शिक्षाबंदी मुकादम त्याला नाव विचारी, मग गाव, मग आडनाव. आडनावाने भागले नाही तर शेवटचा प्रश्न: "कोणत्यापैकी?" उत्तर मिळाले की काम ठरले. मग यादी माझ्याकडे येई आणि मी ती सुवाच्य अक्षरात नोंदवहीत उतरवीत असे.

एक मातंग तरुण सक्तमजुरी भोगत होता. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताखाली तो वाढला होता. शेदोनशे माणसांचे वरण त्याला डोळे झाकून जमले असते. तो मला म्हणाला, "साहेब, मला भिशीत टाका." मी जेलरांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण उद्या चाळीस जणांनी ताट परत पाठवलं, तर तुम्ही निस्तराल का?" तो तरुण शिक्षा संपेपर्यंत झाडूवर राहिला. त्याचे नाव त्या रकान्यात मीच लिहिले.

शांततेचे हे कारण फार जुने आहे. कंपनी सरकारच्या काळी बंद्याला शिधा किंवा पैसे मिळत आणि तो आपापली चूल मांडी. पुढे सरकारने सामाईक स्वयंपाक सुरू केला, तेव्हा १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील तुरुंगांत दंगे झाले. १८५५ मध्ये पितळी लोटे काढून घेतले म्हणून आरा आणि मुजफ्फरपूर येथे उठाव झाला. धडा घेतला गेला तो एकच: वरच्या जातींना दुखवू नका. स्वातंत्र्यानंतरही तो धडा नियमपुस्तकांत टिकला. पश्चिम बंगालच्या नियमात स्वयंपाकी 'योग्य' जातीचा असावा आणि सफाईला मेहतर, हाडी, चांडाळ यांतून माणसे घ्यावीत असे होते. राजस्थानात आचाऱ्याच्या जागेला ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू पात्र होता. हा नियम २०२१ मध्ये बदलला. उत्तर प्रदेशचे नियमपुस्तक तर २०२२ चे. त्यात साध्या कैदेच्या बंद्याला हीन काम सांगू नये असे म्हणून पुढे अपवाद ठेवला होता: त्या कामाची सवय असलेल्या समाजातला असेल तर सांगावे!

सवय! ह्या एका शब्दात सगळा मनू आला. कायद्यापुढे सर्व समान म्हणणाऱ्या प्रजासत्ताकात न्यायालय गुन्ह्याची शिक्षा देते, आणि जन्माची शिक्षा तुरुंग वेगळी देतो.

पत्रकार सुकन्या शांता यांनी हे नियम उजेडात आणले आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि वेठबिगारीला बंदी करणारे कलम २३, दोन्हींचा आधार घेतला. बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, नियमपुस्तके सुधारण्यास तीन महिने दिले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानेही आदर्श नियमावलीत तशी दुरुस्ती केली.

निकाल मोठा आहे. परंतु मी पाहिलेली वाटणी नियमाच्या आधाराने चालत नव्हती. ती मुकादमाच्या तोंडी प्रश्नावर चालत होती. रकाना पुसला तरी आडनाव उरते. म्हणून वकील, विद्यार्थी, कार्यकर्ते यांनी कामवाटपाच्या वहीकडे वळले पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असे निकालातच आहे. त्या तपासणीत भिशी स्वच्छ आहे का, डाळ पातळ आहे का, हे विचारतीलच. त्याबरोबर विचारायला लावावे: गेल्या सहा महिन्यांत पळी कुणाच्या हाती होती? झाडू कुणाच्या? नेमणूक कोणी केली? पाळी बदलते का? सक्तीने काम लावता येत नाही अशा न्यायाधीन बंद्यांना संडास धुवायला कोण पाठवितो? २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत शंभरातले पंच्याहत्तरांहून अधिक बंदी न्यायाधीनच होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या तळ्यात उतरले ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. तुरुंगातही प्रश्न केवळ पोटाचा नाही. आमचा हात अन्नाला लागला तर अन्नाचे काय होते, ह्या प्रश्नाचे उत्तर सरकारी भिंतीआड दररोज दोन वेळा दिले जाते.

मी निवृत्त झालो. त्या वह्या कुठल्यातरी कपाटात असतील. त्यांत जातीचा उल्लेख एकही सापडणार नाही. पण झाडूच्या रकान्यातील आडनावे वाचून पाहा. अक्षर माझे आहे.