बहुभुज मुखवटा

संगणकातील आधारसामग्रीतून बहुभुजाकृती सीमेच्या आतील मूल्ये वेगळी काढण्यासाठी तयार केलेली ‘खरे’ व ‘खोटे’ अशा चिन्हांची सारणी. मूळ सारणीतील प्रत्येक मूल्याशी या सारणीतील एक चिन्ह जुळते. चिन्ह ‘खरे’ असल्यास मूल्य घेतले जाते, अन्यथा वगळले जाते. मूळ सामग्रीत मात्र बदल होत नाही. नदीखोऱ्याचे सरासरी पर्जन्यमान काढणे, उपग्रह-प्रतिमेतील ठराविक क्षेत्र निवडणे इ. कामांसाठी असा मुखवटा वापरतात.

बिंदू बहुभुजाच्या आत आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्यापासून एका दिशेने किरण काढून तो किती बाजूंना छेदतो ते मोजतात. छेदसंख्या विषम असल्यास बिंदू आत व सम असल्यास बाहेर असतो. या प्रकारचा गणनविधी एम्. शिमरॅट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. उदा., (१, १), (५, १), (५, ४) व (१, ४) हे शिरोबिंदू असलेल्या आयतात (३, २) या बिंदूपासून उजवीकडे काढलेला किरण एकाच बाजूस छेदतो. (०, २) पासूनचा किरण दोन बाजूंना छेदतो. किरण शिरोबिंदूतून गेल्यास एकच छेद दोनदा मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येक बाजूचे खालचे टोक तिच्यात धरतात व वरचे वगळतात.

पायथन भाषेत मॅटप्लॉटलिब या कार्यक्रमसंग्रहातील ‘पाथ’ या रचनेस शिरोबिंदू पुरवितात व सर्व जाळीबिंदूंची तपासणी एकदम करून घेतात. मिळालेली चिन्हांची ओळ नमपाय संग्रहाच्या साहाय्याने मूळ जाळीच्या आकारात मांडली की मुखवटा तयार होतो. शिरोबिंदू व जाळीबिंदू या दोहोंत रेखांश व अक्षांश यांचा क्रम एकच असावा लागतो. अन्यथा निवड चुकते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ०·२५ अंश जाळीच्या दैनिक पर्जन्य-सामग्रीत १२९ × १३५ म्हणजे १७,४१५ बिंदू असतात. तीत मूल्य नसलेल्या जागी –९९९ ही खूण असते. म्हणून खोऱ्याच्या मुखवट्यास ‘मूल्य उपलब्ध आहे’ या दुसऱ्या मुखवट्याची जोड द्यावी लागते. नाहीतर सरासरी ऋणही येऊ शकते. तसेच या जाळीतील एका चौकटीची दक्षिणोत्तर लांबी सु. २८ किमी. असते. लहान खोऱ्यात सीमेवरील चौकटींचे प्रमाण मोठे असल्याने केवळ मध्यबिंदू पाहून केलेली निवड दिशाभूल करते. अशा वेळी चौकटीचा जेवढा भाग खोऱ्यात येतो तेवढाच भार तिच्या मूल्यास देणे योग्य ठरते.