निगेटिव्हच्या एकाही तारेने शंट चुकवू नये

दापोली तालुक्यात मी इन्व्हर्टर बसवायचं काम करतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथल्या गावांत कित्येक दिवस लाइट नव्हती. तेव्हापासून गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, बॅटरी अजून किती वेळ पुरेल? इन्व्हर्टरवरच्या दिव्यांवरून ते नीट कळत नाही, कारण ते बहुतेक वेळा नुसतं व्होल्टेज बघतात. लोड नसताना १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असली तर साधारण १२.७ दाखवते, निम्मी उरली तर १२.२. त्यात पंखे लावले की आकडा पडतो, बंद केले की परत चढतो. त्यावरून अंदाज कसला बांधणार?

म्हणून मी बॅटरी मॉनिटरचा आग्रह धरतो. त्याचा सगळा जीव शंटमध्ये. शंट म्हणजे दोन जाड ठोकळ्यांना जोडणाऱ्या मिश्रधातूच्या पट्ट्या. ५०० अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. घरात ३०० वॉटचा लोड असेल, तर इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून तीसेक अँपिअर निघतात, म्हणजे फरक फक्त ३ मिलिव्होल्ट. तेवढ्यावरून मॉनिटर पाण्याच्या मीटरसारखा आलागेला करंट मोजत राहतो. केबलचा लग थेट ठोकळ्यावर बसवायचा, मध्ये वॉशर घालायचा नाही, आणि नट पान्याने पक्का आवळायचा.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच केबल हवी, शंटकडे जाणारी. इन्व्हर्टर, सोलर चार्जर, डीसी दिवे, सगळ्यांचे निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. एका घरी मी गेलो तेव्हा नंतर आलेल्या कुणीतरी सोलरची तार सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर लावली होती. दिवसभर सूर्य बॅटरी भरत होता, पण ते मॉनिटरला दिसत नव्हतं, म्हणून त्यावरचे टक्के रोज घसरतच होते. घरातल्या आजी बॅटरी बदलायला निघाल्या होत्या. बॅटरी उत्तम होती. मी ती एक तार हलवली, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ दिली आणि आकडा १०० वर लावून दिला.

मॉनिटरला वीज देणारी बारीक तार पॉझिटिव्हवरून घ्यायची, तिला बॅटरीजवळच छोटा फ्यूज. तो टाळणाऱ्याला मी काम देत नाही. तार कुठे घासली तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून जाईल आणि ती पेट घेईल.

मॉनिटरच्या सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता, समजा १५० अँपिअर-तास, भरून थांबू नये. हा आकडा बहुधा २० तासांच्या हिशोबाचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. तीस अँपिअर ओढले तर तेवढं मिळत नाही. विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं आणि मॉनिटरमध्ये त्यांच्याच नावाचा आकडा भरावा लागतो. तो बॅटरी कंपनीच्या कागदावरून घ्यावा.

इन्व्हर्टर चालू-बंद करायचं पॅनेल मी हॉलमध्ये, घरातल्या वयस्कर माणसांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर लावतो. त्याच्या केबलमधून फक्त इशारा जातो, जाड केबलचा करंट नाही. म्हणून पॅनेलवरून बंद केलं तरी इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर बॅटरी जोडलेलीच असते. हात घालण्याआधी मेन आणि सोलर तोडायचं, हातातली अंगठी-कडं काढायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची. जोडताना तीच सगळ्यात शेवटी. तेव्हा इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरताना ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून आधी खिडक्या उघडायच्या.