वर्गातला तिसरा माणूस

पट साठच्या आत असेल तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं. तीस मुलांमागे एक गुरुजी, म्हणजे कागदावर झकास. पण शाळा चौथी-पाचवीपर्यंत असली की एकेका शिक्षकाच्या वाट्याला दोन-तीन इयत्ता येतात. पहिलीला गिरवायला बसवायचं, तेवढ्यात तिसरीचा गुणाकार फळ्यावर मांडायचा, मधेच पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायची. जोडीदार केंद्रावर बैठकीला गेला की उरलेल्याने सगळी शाळा सांभाळायची. या धबडग्यात मागे पडलेल्या पोराजवळ अर्धा तास निवांत बसायला कुणाला सवडच नसते.

मदतीला येणारे मात्र कमी नसतात. माजी विद्यार्थी, महाविद्यालयाची शिबिरं, कंपन्यांचे कर्मचारी, निवृत्त अधिकारी अशी सगळी मंडळी येतात, वह्या वाटतात, प्रयोग दाखवतात, फोटो काढतात आणि जातात. केंद्र सरकारनेही ‘विद्यांजली’ या योजनेतून शाळा आणि स्वयंसेवक यांची गाठ घालून द्यायचं ठरवलं. २०२१ मध्ये ती नव्या रूपात आली. प्रश्न एवढाच, की या येण्याजाण्यातून मुलांचं शिकणं वाढतं का? गेल्या पन्नास वर्षांतल्या काही प्रयोगांकडे याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे.

बालसखी

१९९४ साली मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमायला सुरुवात केली. बालसखी म्हणजे बहुधा त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला काहीशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली वाचता न येणारी पंधरा-वीस मुलं ती रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. जागा मिळेल तिथे, प्रसंगी व्हरांड्यातही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची पद्धतशीर तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ मोठी मानली जाते. त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच होती. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्या मुलांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. प्रगती झाली ती मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांची. म्हणजे संख्या कमी झाल्याने फरक पडला नाही. मूल जिथे अडलंय तिथून कुणीतरी सुरुवात केली, त्याने पडला.

‘प्रथम’ची पुढची पद्धत याच अनुभवावर उभी राहिली. मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मूल जिथे थबकतं तो त्याचा गट. मग चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसून बाराखडीचा तक्ता वाचतो. अशी तपासणी करायला पदवी लागत नाही. लागतो तो मुलाचं अडखळणं कान देऊन ऐकण्याचा सराव.

हेतू चांगला, फळ थोडं

हेच काम शाळेबाहेर केलं तर? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ने गावोगावच्या तरुणांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवायला सांगितलं. तरुण उत्साहाने पुढे आले. वर्गाला आलेली मुलं वाचायलाही लागली. पण गावातली जेमतेम आठ टक्के मुलं तिथे पोचली आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांतली बहुतेक घरीच राहिली.

उत्तराखंडमध्ये उलट घडलं. तिथे स्वयंसेवक शाळेतच दिले, तर शाळांनी त्यांना नेहमीच्या शिक्षकांसारखं वापरलं. इयत्तेचं पुस्तक पुढे सरकत राहिलं, मागे पडलेली मुलं होती तिथेच राहिली आणि तपासणीत फरक दिसला नाही. जौनपूरमध्ये शाळेशी धागा नव्हता. उत्तराखंडमध्ये तो होता, पण स्वयंसेवकाचं स्वतःचं असं काम उरलं नव्हतं.

शास्त्रज्ञ मागच्या बाकावर

मदत थेट मुलांनाच करायला हवी असंही नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात हौसेने सामील झाले. त्यांनी वर्ग ताब्यात घेतले नाहीत. शिक्षकांची शिबिरं घेतली आणि मग शाळेत जाऊन मागे बसले. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, साहित्य कुठे कमी पडलं, हे टिपायचं आणि मासिक बैठकीत शिक्षकांबरोबर त्यावर वाद घालायचा. या भेटींना तिथे ‘अनुवर्तन’ म्हणत. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं अशा अनुभवांतून घडत गेली.

अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत अभियंता होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी भूमिती उभी केली. ट्यूबच्या तुकड्यात काड्या खोचायच्या. चार काड्यांच्या चौकोनाला बोट लावलं की तो तिरका होऊन समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबला तरी आकार सोडत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्यांत त्रिकोणच का असतात, हे मग मुलं आपणहून विचारतात. गुप्ता निघून गेले तरी शिक्षकाला हा तास पुन्हा घेता येतो, तोही जवळजवळ फुकटात. पुढे २००३ पासून पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम केलं.

२००२ मध्ये सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तोवर तो शेकडो शाळांत पोचला होता. शास्त्रज्ञांची मोठी फळी पाठीशी असूनही सरकारी निर्णयापुढे तो टिकला नाही. स्वयंसेवेची मर्यादा इथे दिसते.

पाबळचे कारागीर

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते आले होते. आठवी ते दहावीसाठी त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती परीक्षण, हिमोग्लोबिन तपासणी अशी कामं करतात. शिकवायला मानधनावर स्थानिक कारागीर आणि जाणकार येतात. गावात कुणाला फाटक हवं असेल तर तेही मुलं करून देतात. अशा कामाची किंमत काढताना टक्केवारी, क्षेत्रफळ, लोखंडाचं वजन सगळं आपोआप गणितात येतं. गावच्या मिस्त्रीला वर्गात सन्मानाने उभं करणारा हा अभ्यासक्रम हुशार मुलांइतकाच पुस्तकात रस न वाटणाऱ्यांच्याही कामी येतो.

मुख्याध्यापकांनी काय विचारावं

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बालसखी पदवीधर नव्हती, शास्त्रज्ञ जगन्मान्य संस्थांतले होते, मिस्त्रीचं शिक्षण त्याच्या हातात होतं. उपयोग तिघांचाही झाला, कारण शाळेच्या दिनक्रमात त्यांच्या कामाला ठरलेली जागा होती आणि शिक्षकाला एकट्याने न पेलणारं तेवढंच काम त्यांच्याकडे होतं. रिकाम्या पदावर स्वयंसेवक बसवला की ही जागाच नाहीशी होते, आणि पद भरण्याची निकडही सरकारदरबारी थंडावते. म्हणून शिक्षकभरतीची मागणी करताना स्वयंसेवकांचा हिशेब त्यात कधीच धरू नये.

छोट्या शाळेला तिसरा माणूस मिळवणं तसं अवघड नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. माता गट गावागावात आहेत. शहरातून येणाऱ्यांनाही मज्जाव करायचं कारण नाही. पण प्रत्येकाला मुख्याध्यापकांनी हार घालण्याआधी विचारावं: कोणत्या सहा मुलांबरोबर बसणार, कोणत्या वारी, किती महिने, आणि ती मुलं पुढे सरकली का हे आपण दोघांनी मिळून कधी तपासायचं? याची उत्तरं देणाऱ्याला वेळापत्रकात तास द्यावा. ज्याच्याकडे ती नसतील त्याच्याकडून वह्या जरूर घ्याव्यात, वर्ग मात्र देऊ नये.