तीन प्लगची गाडी

प्लग काढण्याआधी मिस्त्री इंजिनाला उलटा हात लावून बघतात. कोमट लागलं तरी गाडी तशीच उभी राहते आणि गिऱ्हाईक चहाला जातं. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं. गरम हेडात पाना फिरवला तर मऊ धातूचे आटे प्लगबरोबर निघून यायची भीती असते. मग हेड उतरवून उद्यमनगरातल्या वर्कशॉपात न्यायचं, भोक मोठं करून आत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायची. प्लगच्या खर्चात उरकणारं काम हजारांवर जातं. "घाई असंल त्यानं सायकल घ्यावी," हे मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकाजवळच्या गल्लीत हे एका शटरचं गॅरेज आहे. आत जागा दोन गाड्यांची, बाकीच्या रस्त्यावर. फुटबॉलचा हंगाम असला की पाना फिरवता फिरवता शिवाजी तरुण मंडळाच्या बचावफळीची झडती सुरू असते आणि पावसाळा सरत आला की टूरवाले येतात. आज स्टँडवर बजाजची डॉमिनार ४०० आहे. मालक विशी-बाविशीचा, पेठेतलाच. बंगळूरमार्गे कन्याकुमारीला निघालाय. प्लग बदलायचे आहेत आणि कुणीतरी मित्रानं त्याच्या डोक्यात 'थंड' प्लग भरवून दिले आहेत.

चाकणला तयार होणाऱ्या या गाडीला सिलिंडर एक आणि प्लग तीन. ३७३ सीसीला एकच दहनकक्ष. एका कडेनं पेटलेली ज्योत दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पिस्टन खाली सरकू लागतो. तीन ठिकाणी ठिणगी पडली की ज्योतीचा रस्ता कमी होतो. बजाजनं हे आधी दोन प्लगांवर केलं, २००३ च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये. पुढं टीव्हीएसनं दोन प्लगांची 'फ्लेम' मोटारसायकल आणायचं ठरवल्यावर पेटंटचं भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि तिथून दिल्लीला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असले दावे रेंगाळत न ठेवता लवकर निकाली काढा, असं बजावलं. करंगळीएवढ्या वस्तूसाठी दोन मोठ्या कंपन्या इतकं झुंजल्या, हे मिस्त्रींना अजून गमतीचं वाटतं. त्यांची स्वतःची तक्रार वेगळी आहे. दोन प्लगच्या पल्सरला एक प्लग मेला तरी गाडी बंद पडत नाही. थोडी ओढ कमी होते, ॲव्हरेज उतरतं आणि मालक महिनोन्महिने पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेत फिरतो.

इंजिन गार झालं. मिस्त्रींनी टाकी मोकळी करून बाजूला ठेवली, कारण मधला प्लग तिच्याखाली खोल विहिरीत आहे. पाना लावायच्या आधी कॉम्प्रेसरची हवा. ही पायरी गाळणारे मी पुष्कळ बघितलेत. गगनबावड्याच्या घाटातून आलेल्या गाडीच्या प्लगभोवती तांबडा चिखल वाळून बसलेला असतो. प्लग निघाला की त्यातली खर थेट सिलिंडरात पडते आणि पिस्टनबरोबर भिंती घासत बसते. हवा मारल्यावर कॅप ओढायची ती कॅपलाच धरून, वायरीला धरून नाही. मग प्लगपाना सरळ बसवून एकच दमदार झटका. पहिला पाव आटा सुटला की पुढं बोटांनी.

निघालेले तीन प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले: डावा, मधला, उजवा. ही ओळ मोडायची नाही. तिन्ही प्लग एकाच कक्षातले आहेत, तिथंच खरं शहाणपण आहे. पेट्रोल जास्त जात असेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल तर तिघांवर सारखी काजळी दिसायला हवी. तेल वर येत असेल तर तिघंही ओलसर. पण दोन स्वच्छ आणि एकटाच काळा निघाला, तर पेट्रोलला दोष देण्यात अर्थ नाही. तो प्लग, त्याची कॅप, वायर, कॉइल, एवढ्यातच चोर सापडतो. आज डावा काळा होता. मिस्त्रींनी कॅप उलटी करून आत बॅटरी मारली. आतल्या पितळेवर हिरवट गंज, रबराला बारीक चीर. पावसाचं पाणी तिथून शिरत होतं. "गाडी चढाला मिसिंग करायलीय, असं म्हणत हुतास न्हवं? हे बघ." नुसता प्लग बदलून गाडी दिली असती तर चार दिवसांनी नवा प्लगही तसाच झाला असता.

उरलेल्या दोघांचा रंग फिकट होता, जवळजवळ राखाडी. पोरानं लगेच विचारलं, "मिस्त्री, चहाचा रंग पाहिजे ना? हे पांढरे पडलेत. गाडी गरम होते, म्हणूनच थंड प्लग म्हणतोय."

चहाचा किंवा बिस्किटाचा रंग म्हणजे इंजिन तंदुरुस्त, हा नियम गॅरेजागॅरेजांत गुरूकडून शिष्याकडं आलेला आहे. पण तो ज्या पेट्रोलवर ठरला ते पेट्रोल आता मिळत नाही. त्यात शिसं होतं आणि जळाल्यावर त्याचा थर प्लगच्या चिनी मातीवर बसून तो तपकिरी दिसायचा. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल आहे. आणि आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही उसातून येतं, आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतूनही. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यानं काजळी कमी धरते आणि प्लग फिकट दिसतो. शिवाय बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा-पेट्रोलाचं प्रमाण तो सारखं दुरुस्त करवून घेतो. आजच्या फिकट प्लगला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते मातीवर फोड आले असतील, चकाकणारे बारीक दाणे दिसत असतील किंवा टोकं वितळल्यासारखी गोल झाली असतील तर. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेटचा किंवा यामाहाचा प्लग मात्र मिस्त्री वेगळ्या नजरेनं बघतात, कारण तिथं चूक सुधारणारं कुणी बसलेलं नाही.

राहिला थंड प्लग. थंड आणि गरम हे शब्द ठिणगीबद्दल नसतात. प्लगच्या टोकाची उष्णता हेडकडं किती लवकर निघून जाते, त्याचं ते माप आहे. टोकाची माती आखूड असली की उष्णता झटकन जाते, तो थंड. लांब असली की रेंगाळते, तो गरम. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, साचत जाते. ८५० च्या पुढं गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. कंपनीनं नंबर ठरवताना भरलेली गाडी, डबलसीट, उन्हाळ्यातला हायवे हे सगळं धरलेलं असतं. वर ही गाडी पाण्यानं गार होणारी. तिच्यात थंड प्लग घातला तर महाद्वार रोडच्या गर्दीतच तो काळा पडायचा. आणखी एक घोळ असा, की एनजीकेच्या प्लगचा आकडा वाढेल तसा प्लग थंड आणि बॉशचा आकडा वाढेल तसा गरम. आकड्यांवरून अदलाबदल करणारा नेमका उलटा प्लग घेऊन येतो. अक्षरांतला 'आर'ही सोडायचा नाही. तो आतल्या रेझिस्टरचा, आणि त्याच्याविना ठिणगीचा विद्युत गोंगाट इंजिन सांभाळणाऱ्या ईसीयूला त्रास देतो.

म्हणजे निवडायला उरतं काय? साधा निकेल की इरिडियम, एवढंच. इरिडियम २,४०० अंशांच्या वर वितळतं, निकेल साडेचौदाशेच्या आसपास. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं आणि झिजतही हळू. पिकअप वाढतो ही मात्र दुकानातली भाषा. ५,००० आरपीएमवर प्रत्येक प्लग मिनिटाला २,५०० ठिणग्या टाकतो. चार तास तसंच चालवलं की सहा लाख झाल्या. प्रत्येक ठिणगीला टोकाचा कण जातो, फट रुंदावते, ती ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. लांब पल्ल्याला इरिडियमचे जादा पैसे द्यायचे ते या झिजेसाठी. मला विचाराल तर वर्षातून एकदा टूर करणाऱ्यानं साधेच घ्यावेत आणि वेळेवर बदलावेत. मिस्त्रींचंही तेच मत पडलं, पोराच्या खिशाकडं बघून.

मॅन्युअल उघडून नंबर जुळवले. नवा प्लग डब्यातून काढून फट फिलर गेजनं तपासली. मिस्त्रींच्या उस्तादांकडं यासाठी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा असायचा. त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या जराशी वर, जुन्या गाड्यांना पुरेशी. नव्या प्लगांना ०.७ ते ०.९ लागते, तिथं तो तुकडा फसवतो. मग प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो विहिरीत सोडला आणि नळीच बोटांनी फिरवली. आटा तिरका लागला तर नळी घसरते, जोर लागत नाही. पाना मात्र तिरका आटासुद्धा निमूटपणे कापत जातो. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं अर्धा फेरा, वॉशर दबल्याचं मनगटाला कळतं, तिथं थांबायचं. जुनाच प्लग परत बसवायचा असेल तर वॉशर आधीच चेपलेला असतो. त्याला फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो.

मधला आणि उजवा बसले. डाव्याला नवी कॅप आणली, आणि मिस्त्रींनी पाना पोराच्या हातात दिला.

"मी?"

"मग काय कन्याकुमारीला मी येणार हाय? काढ, घाल, परत काढ. गाडीबरोबर आलेला पाना काढ आधी."

किटमधला पाना निघाला. तो विहिरीत उतरला, पण त्याला फिरवायची दांडी किटमध्ये नव्हतीच. मिस्त्रींनी शेल्फवरून एक जुनी दांडी शोधून दिली, तिचे पन्नास रुपये बिलात लावले, आणि स्पेअर प्लग हातातून पडला तर तो परत गाडीत घालायचा नाही, मातीला न दिसणारा तडा जातो, हे दोनदा बजावून ते पुढच्या बुलेटच्या इंजिनाला उलटा हात लावायला गेले.