नवऱ्याचा देश, मुलांचा देश... आणि तिचा?

माझ्या मावसबहिणीची लेक मस्कतला असते. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. बारसं तिकडेच झालं. सख्खी आत्या इकडे, म्हणून शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनीच आत्या होऊन बाळाच्या कानात कुर्र केलं. आम्ही इकडून डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, वेखंड, सुती लंगोट असं सगळं ज्याच्या-त्याच्या सामानात कोंबून पाठवलं. दीड-दोन महिन्यांनी फोनवर गप्पा मारताना मी सहज विचारलं, “बाळाची नोंद केलीस ना गं?”

“केली की मावशी. हॉस्पिटलचा दाखला आहे माझ्याकडे.”

“तो तिथला. आपल्या वकिलातीत केलीस का?”

“ते काय, भारतात आल्यावर करू सावकाश.”

“अगं, पण येणार कशी? बाळाला पासपोर्ट कोण देणार?”

फोनवर एकदम शांतता. एवढी शिकलेली, नोकरी केलेली मुलगी, पण हा विचारच तिच्या मनात आलेला नव्हता. तिचा तरी काय दोष? आई भारतीय, बाप भारतीय, मग मूल भारतीयच की! आपण सगळ्या असंच धरून चालतो. मी बँकेत तीस वर्षं कागद तपासत काढली, म्हणून माझी नजर आधी दाखल्याकडे जाते, इतकंच.

गोष्ट अशी आहे. ओमानमध्ये जन्मलं म्हणून मूल ओमानचं होत नाही. आणि आपल्या कायद्यात ३ डिसेंबर २००४ पासून असं आहे, की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नाही, असं आईबापांनी लिहूनही द्यायचं. ती नोंद झाली, की त्याला वंशानं भारताचं नागरिकत्व मिळतं. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी काढत बसा. अमेरिकेत तसं नाही. तिथं जन्मलेल्या मुलाला जन्मानंच तिथलं नागरिकत्व मिळत आलेलं आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या लेकीकडे बाळंतपणाला जाऊन आलेल्या आपल्या मैत्रिणींचा अनुभव आखातातल्या लेकींच्या उपयोगी पडत नाही.

तिला ओरडले खरी, पण नंतर माझ्याच डोक्यात तो विषय घोळत राहिला. कुठल्याच देशाचं नसणं म्हणजे काय? अशी माणसं असतात का? असतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाच्या मोजदादीत आलेलीच सुमारे ४४ लाख आहेत, आणि मोजदादीत न आलेली कितीतरी जास्त असणार, असं तो विभागच सांगतो. साहजिकच आहे. ज्याचा कागदच नाही, त्याला मोजायचं कशावरून? मी वाचत गेले, आणि एक गोष्ट वरचेवर समोर येऊ लागली. या सगळ्या भानगडीत बाईचं नागरिकत्व हे बराच काळ तिचं नव्हतंच. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाच्या खाली आपलं नाव असायचं ना, तसंच तेही होतं.

चमकी घालून आलेली कला

१९१५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात एक पंजाबी कुटुंब उतरलं. वैष्णो दास बगाई, त्यांची पत्नी कला आणि तीन लहान मुलगे. घरचे खाऊनपिऊन सुखी. पेशावरची मालमत्ता विकून पंचवीस हजार डॉलर बरोबर आणलेले. इंग्रजांच्या राज्यात मुलं वाढवायची नाहीत, म्हणून देश सोडलेला. कलाच्या नाकात हिऱ्याची चमकी होती. तिथल्या वर्तमानपत्राला त्या चमकीचंच एवढं अप्रूप वाटलं, की त्यांनी तिच्यावर बातमी छापली. गेल्या दहा वर्षांत या शहरात आलेली ही पहिलीच हिंदू बाई, असंही त्यात होतं.

बाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पुढं त्यांनी बर्कलेला घर घेतलं. सामान घेऊन दारात पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. काळी माणसं आम्हाला शेजारी नकोत! वैष्णो दास भांडायला तयार होते, पण कला म्हणाली, मला नाही राहायचं इथं, माझ्या पोरांना काही करतील ही माणसं. सामान तसंच मागं फिरलं. (दारातून संसार परत न्यायचा म्हणजे काय, हे बदलीच्या नोकरीवाल्यांच्या बायकांना थोडंफार कळेल. पण थोडंफारच.)

वैष्णो दासांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं, आणि १९२१ साली ते रीतसर अमेरिकेचे नागरिक झाले. ब्रिटिश प्रजाजन असणं त्यांनी सोडून दिलं. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात विवाहितेचं नागरिकत्व सहसा नवऱ्यामागं जायचं. तो सुटला की तीही सुटली.

दोनच वर्षांनी, १९२३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला. थिंड हे पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. तेव्हा परक्या माणसाला तिथं नागरिक व्हायचं तर तो गोरा तरी हवा किंवा आफ्रिकी वंशाचा तरी. न्यायालय म्हणालं, वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही. आणि मग ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं, अशा हिंदुस्थानी लोकांचं ते काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. म्हणजे जेवायला बसवून पुढ्यातलं ताट उचलायचं, तसं.

बगाईंचं नागरिकत्व गेलं. त्यामागोमाग दुकान आणि मालमत्ताही गेली, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं ‘नागरिक होण्यास अपात्र’ माणसाला जमीन बाळगता येत नव्हती. १९२८ साली त्यांना हिंदुस्थानात आप्तांना भेटायला यायचं होतं. अमेरिकेनं पासपोर्ट नाकारला. ब्रिटिशांकडे अर्ज करा, म्हणाले. ज्यांचं राज्य नको म्हणून पेशावर सोडलं, त्यांच्याच दारात जायचं! त्याच वर्षी वैष्णो दासांनी आपला जीव दिला. जाण्यापूर्वी त्यांनी वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं, आणि घरच्यांनाही लिहिली.

इथपर्यंतची हकीकत कायद्याच्या पुस्तकांत सापडते. मला मात्र पुढची कला जास्त महत्त्वाची वाटते. परमुलुख, तीन मुलगे, गेलेला नवरा आणि ‘तू कुठली’ या प्रश्नाला उत्तर नाही. ही बाई रात्रशाळेत गेली, इंग्रजी शिकली. उरलेला पैसा तिनं शेअरबाजारात गुंतवला, आणि तो बुडवला नाही. मुलांना कॉलेजात शिकवलं. १९३४ साली तिनं कुटुंबाचे जुने स्नेही महेश चंद्र यांच्याशी लग्न केलं. चौघीजणी काय म्हणतील, याची काळजी तिनं केली असेल की नसेल, कोण जाणे! १९४६ साली अमेरिकेनं कायदा बदलला, हिंदुस्थानी माणसाला तिथं नागरिक होता येऊ लागलं, आणि मग यथावकाश तीही झाली. म्हणजे निकालापासून मोजली तर तेवीस वर्षं आधीच गेली होती. नव्यानं आलेल्या भारतीय कुटुंबांना ती घरी जेवायला बोलवायची, त्यांच्या अडीअडचणीला उभी राहायची. १९८३ साली ती वारली. ज्या बर्कलेत तिच्या घराला कुलूप लागलं होतं, तिथल्या एका रस्त्याला अलीकडे तिचं नाव दिलं आहे.

लग्न केलं, हा गुन्हा

तुम्ही म्हणाल, कलाचा नवरा परदेशी, म्हणून हे झालं. पण अमेरिकेतच जन्मलेल्या, गोऱ्या बायकांचं काय झालं, तेही ऐका. १९०७ च्या कायद्यानं, परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व आपोआप जायचं. अमेरिकन पुरुषानं मात्र खुशाल कुठलीही बायको करावी, त्याचं काही जायचं नाही. एथेल मॅकेन्झी नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं होतं. १९११ मध्ये त्या राज्यात बायकांना मताधिकार मिळाला, त्यासाठी या बाईही झटल्या होत्या. नाव नोंदवायला गेल्या, तर अधिकारी म्हणाला, तुम्ही आता अमेरिकन नाही! बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९१५ साली हरल्या. लग्न तुम्ही आपखुशीनं केलंत ना, मग परिणामही भोगा, असा एकंदर सूर. नवरा-बायको एकच, आणि त्या एकात वरचढ नवरा, हे तर न्यायमूर्तींनी जुनं तत्त्व म्हणून सांगितलं.

१९२२ मध्ये तो कायदा सुधारला, पण त्यात मेख ठेवली. नवरा ‘नागरिक होण्यास अपात्र’ वंशाचा असेल तर बाईचं नागरिकत्व जाणारच. आणि १९२३ च्या निकालानं हिंदुस्थानी त्या अपात्रांत येऊन बसले. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी १९२४ साली लग्न केलेल्या मेरी दास या त्यात अडकल्या. जन्मानं अमेरिकन, पण अमेरिका म्हणे आमची नव्हे. त्यांनी १९२६ साली ‘द नेशन’ या साप्ताहिकात स्वतःच्या नावानिशी लेख लिहून सरकारला जाब विचारला.

आणि सखाराम गणेश पंडित! नाव वाचून ते आपल्या आळीतलेच कुणी वाटतात. जन्म मात्र अहमदाबादचा. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करायचे. थिंड यांच्या वकिलांत हेही होते. पुढं सरकार त्यांच्याच नागरिकत्वावर उठलं, तेव्हा त्यांनी न्यायालयात नुसता वंशाचा घोळ घातला नाही, घरचा हिशेब मांडला. तुम्ही १९१४ साली मला नागरिक केलंत, त्यावर विसंबून मी वकिली केली, घर घेतलं, एका अमेरिकन बाईशी लग्न केलं. आता माझं काढलंत तर माझ्या बायकोचंही जाईल, ती कुठल्याच देशाची राहणार नाही. पंडित जिंकले. त्यानंतर सरकारनं बाकीच्यांवरचे तसले खटलेही आवरते घेतले. बायकोचं हित पुढं करून एवढा मोठा दावा जिंकल्याचं उदाहरण मी तरी दुसरं वाचलेलं नाही. बायकांच्या नागरिकत्वावरची ती मेख अमेरिकेनं १९३१ साली काढली. ब्रिटननं १९४९ पासून. १९५७ साली तर विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करारच झाला: लग्न झालं म्हणून बाईचं नागरिकत्व आपोआप बदलणार नाही.

फार नाक मुरडू नका, आपलीही गोष्ट आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं नागरिकत्व मिळायचं ते फक्त बापाकडून. आई भारतीय, बाप परदेशी, मूल बाहेर जन्मलेलं, तर आईचं भारतीय असणं हिशेबात नाही. नऊ महिने पोटात वाढवलं त्याचं काय? ही चूक दुरुस्त व्हायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. आमची पिढी तेव्हा नोकऱ्या करत होती, मोर्चे काढत होती, आणि हे आम्हाला ठाऊकही नव्हतं, याची आता मला लाज वाटते.

अजूनही सुमारे दोन डझन देशांत आई आपलं नागरिकत्व मुलाला बापाच्या बरोबरीनं देऊ शकत नाही. कुवेत, कतार, लेबनॉन ही त्यातली नावं. कुवेतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, पण नागरिक म्हणून नोंद न झालेली माणसं आहेत. त्यांना ‘बिदून’ म्हणतात, म्हणजे ‘विना’वाले. कुवेती बाईनं अशा माणसाशी लग्न केलं, तर मुलं बापासारखीच बिदून होतात. आई नागरिक, मुलं कुणीच नाहीत, आणि सगळी एकाच घरात, एकाच ताटात. अशा माणसांच्या संरक्षणासाठी १९५४ चा आणि असे लोक तयारच होऊ नयेत म्हणून १९६१ चा, असे दोन करार आहेत. भारतानं दोन्हींवर सही केलेली नाही. का नाही, हे आपल्या खासदारांना कुणीतरी विचारायला हरकत नाही.

आता थोडं घरचं. इथं जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांत करायची असते. सुइणीनं किंवा हॉस्पिटलनं कळवलं असेल, या भरवशावर राहू नका. दाखला हातात घ्या आणि नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथं वाचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच कागद चालणार आहे. आणि लेक-सून आखातात असेल, तर बाळंतविड्याच्या यादीत पहिल्या ओळीवर ‘वकिलातीत नोंद’ लिहा. लाडू आठ दिवस उशिरा गेले तरी चालतात.

आमच्या मस्कतच्या बाळाची नोंद झाली. पासपोर्टासाठी फोटो काढायला पाच खेपा पडल्या. तीनदा स्वारीनं भोकाड पसरलं, चौथ्यांदा झोपून गेला. शेवटी पाचव्यांदा डोळे टक्क उघडे ठेवून, जावळ उभं, असा फोटो मिळाला. तो तिनं मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, एकदाचे झालो आम्ही भारतीय!”